‘रोलबॅक’ आणि ‘रिमूव्ह’ यांचा अर्थ मराठीत कोणी सांगावा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बेळगावातील शहापूर भागात गेली सव्वीस वर्षे मी डीटीपी आणि छपाईचा लहान व्यवसाय करतो. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिके, पतसंस्थांचे अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, दिंड्यांची पत्रके आणि सीमाभागातील मेळाव्यांची निमंत्रणे असा हजारो पानांचा मराठी मजकूर या काळात माझ्या हातून जुळवून गेला. त्याच्या छापील प्रती बहुतेक ठिकाणी उरलेल्या नाहीत. मंडळाचा जुना सेक्रेटरी वारला की स्मरणिकांचा गठ्ठा रद्दीत जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मूळ मजकूर मात्र माझ्या घरच्या सर्व्हरवर आहे, आणि खानापूर, निपाणी, चिकोडी येथील माझ्यासारख्या अनेकांच्या दुकानांतही तो असाच एखाद्या डिस्कवर पडून आहे. या वर्षी वैशाखात तो माझ्या हातून जवळजवळ गेला होता. काय घडले आणि कशाने वाचले, ते या व्यवसायातील इतरांना कळावे, आणि त्यानिमित्ताने आपल्याला एक विनंती करावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घरी सर्व्हर कशाला लागतो, असा प्रश्न वाचकांना पडेल, म्हणून आधी तेवढे सांगतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रूढ होण्यापूर्वी आम्ही मराठी जुळणी ज्या फॉन्टांत करत होतो, त्यांत ‘क’ हे अक्षर संगणकाच्या दृष्टीने ‘क’ नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल, तर तीच फाइल उघडल्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. आमची बहुतेक पाने पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली आहेत आणि ते जुन्या विंडोज एक्सपीवरच नीट चालते. एक्सपीला मिळणारा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला, आणि नव्या संगणकांवर ती बसवता येत नाही. त्यामुळे एकच मार्ग उरतो. एका चांगल्या संगणकावर प्रॉक्समॉक्ससारखी, एकाच यंत्रात अनेक संगणक चालवणारी व्यवस्था बसवायची आणि तिच्या पोटात जुना संगणक व्हर्च्युअल मशीन म्हणून जिवंत ठेवायचा, तोही इंटरनेटपासून तोडून. आमच्याकडे कन्नड मजकूरही बराच येतो. जुन्या ‘नुडी’ फॉन्टांत जुळवलेल्या कन्नड फाइलींची अडचण हीच असल्याने माझे कन्नड व्यवसायबंधूही याच मार्गाने गेले आहेत.

माझ्या सर्व्हरवर अशी तीन यंत्रे आहेत: एक्सपीचे जुळणी यंत्र, सर्व फाइली ठेवणारे लिनक्सचे यंत्र आणि हिशेबाचे विंडोजचे यंत्र. तिघांची मिळून ५०० जीबीची एकच एसएसडी आहे. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि संगणक १०२४ने मोजतो, म्हणून ती आत ४६५च दिसते. प्रॉक्समॉक्सने स्वतःसाठी काही भाग राखून घेतल्यावर यंत्रांच्या वाट्याला सुमारे ३४० जीबी उरले होते. या ३४०मधून मी एक्सपीला ६०, फाइलींना २५० आणि हिशेबाला १२० अशी जागा दिली होती, म्हणजे एकूण ४३०. असे देता येते आणि व्यवस्था त्याला हरकतही घेत नाही. पुढच्या साऱ्या प्रकाराचे मूळ या एका ओळीत होते, पण मला ते कळायला सहा महिने लागले.

वैशाखातील लग्नसराई ऐन भरात असताना एका संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, वीज दोनदा गेली आणि आली. त्यानंतर तासाभराने जुळणीला बसणारी मुलगी आतून म्हणाली, “काका, मशीन थांबलंय बघा की ओ.” माउस हलत नव्हता, घड्याळाचा काटा अडकला होता. सर्व्हरच्या पडद्यावर एक्सपीच्या आणि फाइलींच्या यंत्राशेजारी लहान पिवळा त्रिकोण आला होता आणि स्थितीच्या रकान्यात ‘आयओ-एरर’, म्हणजे डिस्कवर लिहिण्या-वाचण्यातली चूक, असे लिहिले होते. मी यंत्रे सक्तीने बंद करून पुन्हा चालू केली. ती उठली, दहा मिनिटे व्यवस्थित चालली आणि पुन्हा थांबली. असे तीनदा झाले. पाऊस आणि वीज डोळ्यांसमोर असल्याने डिस्क जळाली असे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरले. फाइलींच्या यंत्रात जाऊन जागा पाहिली, तर २५०पैकी १४० वापरलेली आणि ११० मोकळी दिसत होती. त्यामुळे जागा संपली असेल ही शंकाही मनात आली नाही.

दुसऱ्या दिवशी एका जाणकाराला दाखवले. त्यांनी पडद्यावर पाहून सांगितले की दिवाळीत काढलेला, त्या दिवशीची स्थिती जपणारा एक ‘स्नॅपशॉट’ इथे आहे, तो ‘रोलबॅक’ करा, म्हणजे सगळे पहिल्यासारखे होईल. माझेही बोट त्या बटणावर गेले होते. त्या दिवशी सकाळीच मी पुण्याला असलेल्या पुतण्याला निरोप ठेवला होता आणि नेमका तेव्हा त्याचा फोन आला. तो म्हणाला, “काका, कशालाच हात लावू नका. आधी मला आकडे वाचून दाखवा.” त्याने सांगितल्याप्रमाणे सर्व्हरच्या काळ्या खिडकीत ‘एलव्हीएस’ हा, साठा किती भरला ते दाखवणारा आदेश दिला. ‘डेटा’ नावाच्या, म्हणजे यंत्रांच्या साठ्याच्या ओळीत टक्क्यांचा रकाना होता आणि त्यात १००.०० असे लिहिले होते. डिस्क जळालेली नव्हती. ती भरलेली होती.

आतल्या यंत्रात ११० जीबी मोकळी दिसत असताना डिस्क भरली कशी, हे समजायला मला वेळ लागला. ते मी आता आमच्या पेठेतल्या भाषेत सांगतो. एका आचाऱ्याकडे ३४० ताटे आहेत. त्याने तीन मंगल कार्यालयांना मिळून ४३० ताटे कबूल केली आहेत, कारण तिन्ही पंगती एकाच वेळी पूर्ण भरत नाहीत हे त्याला ठाऊक आहे. इथवर गैर काही नाही. परंतु पंगत उठल्यावर ताटे परत गेली पाहिजेत. आमच्या यंत्रांत फाइल पुसली की ती जागा मोकळी झाल्याची नोंद आतल्या यंत्राच्या वहीत होते, पण खालच्या मालकाला, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या साठ्याला, कोणी सांगितले नाही, तर त्याच्या वहीत ते ताट बाहेरच राहते. मोठ्या फोटोंच्या फाइली येतात, छपाई झाल्यावर आम्ही त्या पुसतो, पुढच्या आठवड्यात नव्या येतात आणि दर वेळी थोडी नवी ताटे उचलली जातात. शेवटचे ताट उचलले गेले की नवे मागणाऱ्याला ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि यंत्र जागच्या जागी थांबते. पुन्हा चालू केल्यावर ते दहा मिनिटे का चालत होते, याचेही उत्तर यातच आहे: आधी घेतलेल्या जागेवर त्याला लिहिता येत होते, नवी जागा मागितली की अडत होते. असे थांबणे हे खरे तर संरक्षण आहे. जागा करून दिली की यंत्र जिथे थांबले तिथून पुढे चालू करता येते. मी ते तीनदा सक्तीने बंद केले, त्यात एका शाळेच्या वार्षिकाची दोन पाने गेली आणि ती पुन्हा जुळवावी लागली. हे नुकसान बिघाडाने झालेले नाही, माझ्या घाईने झाले.

पुढची कामे कोणत्या क्रमाने झाली हे नेमके सांगणे मला आवश्यक वाटते, कारण क्रम चुकला असता तर हे पत्र वेगळे झाले असते. सर्वप्रथम यंत्रे बंदच ठेवली. प्रॉक्समॉक्स बसवताना तो मूळ डिस्कवर साधारण १६ जीबी जागा कोणालाच न देता बाजूला ठेवतो. त्यातली १० जीबी ‘एलव्हीएक्स्टेंड’ या आदेशाने यंत्रांच्या साठ्याला जोडली आणि आकडा १००वरून ९७वर आला. एवढ्याने श्वास घेण्यापुरती जागा झाली. त्यानंतर काहीही पुसण्याआधी तिन्ही यंत्रांचा पूर्ण बॅकअप बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर घेतला. त्याला संध्याकाळचे पाच तास गेले. गिऱ्हाईक दारात उभे असताना पाच तास थांबणे कठीण असते, पण त्या पाच तासांनंतर माझे हात कापायचे थांबले.

मग प्रत्येक यंत्राच्या डिस्कच्या मांडणीत ‘डिस्कार्ड’ हा पर्याय चालू केला. मोकळी झालेली ताटे मालकाला परत कळवण्याची परवानगी म्हणजे हा पर्याय. तो लागू होण्यासाठी यंत्र आतून नुसते रीस्टार्ट करून चालत नाही, पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे लागते. फाइलींच्या यंत्रात ‘एफएसट्रिम’ हा, आतली मोकळी जागा खाली कळवणारा आदेश चालवला, तेव्हा सुमारे १०० जीबी मोकळी केल्याचे त्याने सांगितले. आम्ही दोघांनी फोनवर सुटकेचा निःश्वास टाकला आणि खालचा आकडा पाहिला, तर तो ९७वरून जेमतेम ९५ झाला होता. शंभर जीबी गेली कुठे?

ती स्नॅपशॉटने धरून ठेवली होती. दिवाळीत प्रणालीची नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी, काही बिघडले तर मागे येता यावे म्हणून, मीच तो काढला होता आणि नंतर विसरलो होतो. स्नॅपशॉट म्हणजे त्या दिवशी यंत्र जसे होते तसे गोठवून ठेवलेले चित्र. त्या दिवशी असलेला प्रत्येक तुकडा, आज आपण तो पुसला तरी, त्या चित्रासाठी राखून ठेवावा लागतो. म्हणून आधी स्नॅपशॉट काढून टाकणे आणि मगच आकड्याची अपेक्षा करणे, हा क्रम आहे.

संपादक महोदय, माझ्या पत्राचा गाभा इथे आहे. स्नॅपशॉटच्या पानावर ‘रोलबॅक’ आणि ‘रिमूव्ह’ ही दोन्ही बटणे एकाच ओळीत असतात. माझ्यासारख्या, इंग्रजी कामापुरतेच येणाऱ्या माणसाला ‘रिमूव्ह’ हा शब्द धोक्याचा वाटतो, कारण रिमूव्ह म्हणजे काढून टाकणे, आणि आपण आपले काम काढून टाकत आहोत की काय अशी भीती त्या बटणापाशी वाटते. ‘रोलबॅक’ मात्र निरुपद्रवी वाटतो; गाडी थोडी मागे घ्यावी आणि पुन्हा सरळ लावावी, तसा काहीसा अर्थ मनात येतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. ‘रिमूव्ह’ने फक्त ते गोठवलेले जुने चित्र जाते आणि आजचे काम आहे तसे राहते. ‘रोलबॅक’ने आजचे सर्व पुसले जाऊन यंत्र दिवाळीच्या दिवशी परत जाते. म्हणजे दिवाळीपासून वैशाखापर्यंतचे काम, त्यात तीन शाळांची वार्षिके, एका पतसंस्थेचा अहवाल आणि चाळीसहून अधिक पत्रिका, मी माझ्याच बोटाने पुसणार होतो. ज्यांनी मला तो सल्ला दिला त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांनाही तो शब्द तसाच वाटला असावा.

‘रिमूव्ह’ दाबले. काही क्षणांनी ‘एलव्हीएस’ पुन्हा चालवले, तेव्हा आकडा ६९ होता.

उरला एक्सपीचा प्रश्न, आणि तो आमच्या व्यवसायात प्रत्येकाला पडणार आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मोकळी जागा खाली कळवण्याची रीत विंडोजमध्ये विंडोज ७पासून आली. एक्सपीला ती माहीतच नाही. तुम्ही ‘डिस्कार्ड’ चालू केले तरी एक्सपी स्वतःहून एकही ताट परत करत नाही, त्यामुळे कालांतराने त्याला कबूल केलेली सगळी जागा ते व्यापून बसते. माझ्याकडे आत १४ जीबी मजकूर होता आणि खाली पूर्ण ६० गेलेली होती. यावर उपाय असा की ‘डिस्कार्ड’ची खूण केल्यावर एक्सपीच्या आत, रिकाम्या जागेवर शून्ये लिहिणारे छोटे साधन चालवायचे. खालची व्यवस्था ती शून्ये ओळखते आणि तो भाग मोकळा धरते. इथेही क्रम महत्त्वाचा आहे: खूण न करता आधीच शून्ये लिहिली, तर जागा सुटण्याऐवजी आणखी व्यापली जाऊ शकते, आणि साठा काठोकाठ भरलेला असताना तसे करणे म्हणजे पुन्हा पिवळा त्रिकोण ओढवून घेणे होय. हे काम आम्ही शेवटी, जागा मोकळी झाल्यावर केले. आकडा ५६वर येऊन थांबला आणि आजपर्यंत ६०च्या वर गेलेला नाही.

प्रत्येक बिघाड असाच असेल असे मी म्हणत नाही. डिस्क खरोखर आजारी असू शकते, आणि ते डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ या साधनाने दाखवलेल्या आकड्यांवरून कळते. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ हा आकडा शून्यापेक्षा जास्त दिसला, तर डिस्कला काही भाग वाचता येत नाही असा त्याचा अर्थ. तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग न करता आधी तिची प्रत काढावी. ‘सीआरसी एरर’चा, म्हणजे डिस्क आणि संगणक यांच्यातील देवघेवीत झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा तिच्या जोडणीचा असतो. आपल्याकडील पावसाळ्यातील दमट हवेत जोडणीच्या पट्ट्या काळवंडतात, हे मी बॅकअपच्या डिस्कवर अनुभवले आहे. केबल बदलल्यावर तो आकडा खाली येत नाही, पण वाढायचा थांबतो, आणि तेवढे पुरे असते. रोजचा बॅकअप प्रॉक्समॉक्सच्या मूळ विभागातच साठत राहिला आणि तो विभाग भरला, तर यंत्रे ठीक असूनही व्यवस्थेचे पान उघडेनासे होऊ शकते. शिवाय तो बॅकअप त्याच डिस्कवर असल्याने डिस्क गेली की तोही जातो. एक यूपीएस तर सीमाभागातील प्रत्येक सर्व्हरला हवाच. वळवाच्या पावसाने माझे यंत्र भरले नव्हते हे खरे, पण लिहिणे चालू असताना वीज जाणे कोणत्याही डिस्कला चांगले नाही.

आता विनंती. आमच्या भागात सरकारी कामकाज कन्नडमध्ये चालते, संगणकाचे सर्व पडदे इंग्रजीत असतात, आणि ज्या मजकुरासाठी आम्ही ही यंत्रे जपतो तो मराठी आहे. मला पुतण्या होता म्हणून अर्थ कळला. निपाणीच्या एखाद्या छापखान्यात एकटे बसलेल्या गृहस्थाला तो कोण सांगणार? आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा तंत्रज्ञानाचे पान येते, त्यात नव्या मोबाइलची माहिती असते. त्या पानावर महिन्यातून एखादा स्तंभ जुनी यंत्रे आणि जुना मजकूर सांभाळणाऱ्यांसाठी द्यावा आणि त्यात असे शब्द त्यांच्या परिणामासह सांगावेत: कोणते बटण काय ठेवते आणि काय पुसते, आणि कोणते पाऊल मागे घेता येत नाही. पारिभाषिक प्रतिशब्द घडवले नाहीत तरी चालतील. ‘रोलबॅक’ला ‘रोलबॅक’च म्हणावे, पण त्याचा अर्थ साध्या मराठीत लिहावा. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने आहेत, त्यांतली कोणती कुठल्या फॉन्टाला चालतात आणि जोडाक्षरांत कुठे चुकतात, हेही जाणकारांकडून लिहून घ्यावे. तो मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की एक्सपीवर विसंबावे लागणार नाही. हे काम एकेका दुकानदाराने एकट्याने करण्याजोगे नाही.

या प्रसंगात आम्ही दिलेले आदेश, आलेले आकडे आणि झालेल्या चुका मी एका वहीत तारीखवार लिहून ठेवल्या आहेत. दर सोमवारी दुकान उघडल्यावर ‘एलव्हीएस’चा आकडा मी त्याच वहीत लिहितो, ८०च्या वर गेला की त्या दिवशी नवे काम घेण्यापूर्वी जागा करायची, असे ठरवले आहे. आपल्या स्तंभलेखकाला किंवा आमच्या व्यवसायातील कोणालाही ती वही पाहायची असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी तिची प्रत आनंदाने देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मुद्रण व्यावसायिक,
शहापूर, बेळगाव